मोहनशेठच्या चार खोल्या

धुळ्याच्या गल्ली नंबर पाचमध्ये मोहनशेठ बेदमुथांचं घर कुठलं, हे कुणीही सांगेल. घर किती खोल्यांचं, हे मात्र मोहनशेठच्या देखत कुणी विचारत नसे. रस्त्यावर उभं राहून मोजलं तर खाली चार, वर तीन, आणि वर जिन्याच्या तोंडाशी एक अडगळीची, जी कुणी खोलीत धरत नसे. मोहनशेठला मात्र चारच दिसायच्या. माणूस आंधळा नव्हता. दोरीच्या दुकानात बसून कासऱ्यातला कच्चा पीळ दहा हातांवरून ओळखायचा. पण डोळ्यांना शिस्त लावली की ते ओट्याच्या वर जात नाहीत, आणि मोहनशेठने शिस्त लावली होती.

ती कधी लावली, हे गल्लीला पाठ आहे. अठ्ठ्याण्णवचा चातुर्मास. जैनांच्या स्थानकात, म्हणजे प्रार्थनेच्या जागी, मोठे महाराज आले होते. पर्युषणात त्यांनी सांगितलं, आपल्याकडे काय असावं आणि किती असावं, याची हद्द आजच ठरवा, वहीत लिहा, आणि मरेपर्यंत तिच्याबाहेर पाऊल टाकू नका. मंडळी व्यापारी. व्रतसुद्धा हातचं राखून घेतात. एका सराफाने लिहून दिलं, 'घरं पंचवीस.' त्याच्याकडे तेव्हा तीन होती. मोहनशेठने लिहिलं, 'दुकान एक. राहायला घर एक, खोल्या चार.' जेवढ्या होत्या तेवढ्याच. सभेत पुढे बोलावून महाराजांनी नाव घेतलं, जैन संघाने शाल दिली. मोहनशेठचा बाप बारदान शिवून मेला होता. या घराण्याला शाल पहिल्यांदाच मिळत होती. तेव्हापासून स्थानकात पहिल्या ओळीत त्यांची जागा ठरली आणि बाहेरगावचा पाहुणा आला की ओळख करून देताना लोक म्हणू लागले, 'हे आमचे व्रतधारी मोहनलालजी.'

सतरा वर्षं सुखात गेली. मग मुलाचं, पुनीतचं लग्न ठरलं. मुलगी जळगावची, चेलना. शिकलेली, नाकासमोर चालणारी, पण नाकासमोर काय आहे ते वाचून चालणारी. तिच्या घरच्यांनी हळूच विचारलं, "मुलामुलीला स्वतंत्र खोली?" पुनीतने कर्ज काढलं आणि वरचा मजला चढवला. जागा मोहनशेठच्या नावाची, परवानगी मोहनशेठच्या सहीची, पण मोहनशेठ म्हणाले, "वरचं पुनीतचं." वास्तूच्या दिवशी बठ्ठी, म्हणजे सगळी गल्ली वर जाऊन जेवून आली. मोहनशेठ खाली पहिल्या पायरीपाशी उभे राहून येणाऱ्यांना हात जोडत होते. तेव्हापासून दहा वर्षं त्यांनी तो जिना चढला नाही. नात झाली, मुस्कान. ती बोलायला लागली तशी जिन्यातून ओरडायची, "दादाजी, वर या ना!" तेव्हा ते म्हणायचे, "गुडघे दुखतात गं." जगाला व्रत सांगायचे आणि नातीला गुडघे.

समोरची रत्ना, जिच्या गच्चीवरून अख्खी गल्ली दिसते, ती म्हणायची, "शेठला स्वर्गाचंही बोलावणं आलं तर विचारतील, किती पायऱ्या आहेत?"

दोन हजार तेवीसच्या दसऱ्याला घराच्या विम्याचा विषय निघाला. काढला चेलनाने. नशिराबादला तिच्या काकांचं घर गॅसच्या स्फोटात गेलं होतं आणि विमा होता म्हणून वर्षभरात पुन्हा उभं राहिलं होतं. चेलनाने महिनाभर अभ्यास केला. बँकेने कर्जाबरोबर गळ्यात मारू पाहिलेली एक पॉलिसी, मोबाइलवर मिळणारी दुसरी, आणि मूळचा दोंडाईच्याकडचा, पण आता धुळ्यातच राहणारा अभिमन पाटील विकत होता ती तिसरी. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला तिने तिन्हींचे रकाने आखले. आग कशात येते, पूर कशात येतो, चोरी कशात येत नाही. शेवटी अभिमनची निवडली, कारण अटी सर्वांत कमी आणि माणूस हाकेच्या अंतरावर.

अभिमन ओट्यावर फॉर्म घेऊन बसला. चंदनबाईंनी, म्हणजे मोहनशेठच्या मंडळींनी, चहा आणला. चेलना पदर सावरून दाराच्या चौकटीत उभी.

अभिमनने विचारलं, "किंमत काय धरू, शेठ?"

मोहनशेठ म्हणाले, "आता पाच नंबरात काय भाव चाललाय..."

"बापूजी, भाव नाही धरायचा," चेलना म्हणाली. "त्यात जागेची किंमत येते. जागा जळत नाही. पडलं तर पुन्हा बांधायला काय लागेल, तेवढंच धरायचं. चौरस फूट गुणिले बांधकामाचा दर."

"वहिनी, तुम्हीच एजंट होऊन जा," अभिमन हसला. "बरं, खोल्या?"

"चार," मोहनशेठ म्हणाले.

अभिमनचं पेन थांबलं. त्याने मान वर करून मजल्याकडे बघितलं, मग शेठकडे. "शेठ, बठ्ठं घर तुमना नाववर शे ना? आनि वरन्या?"

"वरचं पुनीतचं आहे."

"मग पुनीतभाऊच्या नावाचा उतारा द्या. दोन पॉलिसी करू."

पुनीत आत मोबाइलमध्ये तोंड घालून बसला होता. बापापुढे त्याच्या तोंडात कायमचे मूग.

"उतारा बापूजींच्याच नावावर आहे," शेवटी चेलनाच म्हणाली. "बांधकामाचा विमा मालकालाच काढता येतो. म्हणून म्हणते बापूजी, सात लिहा. एक सही आहे फक्त."

"सही म्हणजे फक्त?" मोहनशेठचा आवाज चढला. "तोंडाने काहीही बोलावं. सात लिहून खाली सही केली, म्हणजे त्या माझ्या झाल्या."

"आणि नाही केली तर कोणाच्या?" चंदनबाई म्हणाल्या. "महापालिकेच्या? घरपट्टी कोणाच्या नावाने येते?"

"भरतो पुनीत."

"पावती कोणाच्या नावाची, ते विचारलं मी."

"तू आत जा."

"जाते. चारातल्या कुठल्या खोलीत जाऊ, तेवढं सांगा."

अभिमनला हसू आवरेना. मोहनशेठचे कान लाल झाले. तेव्हा चेलनाने शेवटचा तोडगा काढला आणि तो खरोखर चांगला होता. "मग बक्षीसपत्र करून द्या, बापूजी. वरचा मजला पुनीतच्या नावाने. तुमचं व्रत राहील, आम्हाला विमा काढता येईल."

मोहनशेठने चहाचा कप खाली ठेवला. "दिवाळीनंतर बघू," म्हणाले.

आता यात अडचण काय होती? खर्च नव्हता, भांडण नव्हतं, मुलगा एकुलता एक. पण बक्षीस देणारा आधी मालक असावा लागतो. रजिस्ट्रारच्या कागदावर 'माझ्या मालकीचा वरचा मजला' असं लिहावं लागलं असतं, दोन साक्षीदारांसमोर, आणि त्यातला एक तरी गल्लीतला असता. मग स्थानकातल्या पहिल्या ओळीत बसलेल्या माणसाकडे आठ वर्षं सात खोल्या होत्या, हे उघड्यावर आलं असतं. मोहनशेठला मजला द्यायला जड नव्हता. तो होता, हे म्हणायला जड होतं.

चार खोल्यांचा विमा निघाला. अभिमनने जाता जाता एक उपकार केला. फॉर्मवर मजल्याचा रकाना होता, तो त्याने कोरा सोडला. "राहू द्या वहिनी," जिन्याजवळ तो चेलनाला हळूच म्हणाला, "कधी कामाला येईल."

दिवाळी झाली. दुसरीही झाली. चेलनाने तीनदा आठवण केली. पुनीत म्हणायचा, "बापूजींना दुखवू नको. होईल." वरच्या सामानाचा तरी विमा वेगळा काढू, असं तिने म्हटलं तर म्हणाला, "बक्षीसपत्र झालं की एकदमच काढू, दोनदा कटकट कशाला?" दोन पिढ्यांनी मिळून एक सही दीड वर्ष टाळली.

पंचवीस सालच्या वैशाखात धुळं भट्टीसारखं तापलं होतं. अक्षयतृतीयेला जैनांकडे वर्षीतपाचं पारणं असतं, वर्षभर एकाआड एक दिवस उपास केलेली माणसं उसाचा रस घेऊन तप सोडतात. चंदनबाई, चेलना आणि मुस्कान एका नातेवाइकांच्या पारण्याला गेल्या होत्या. पुनीत त्याच्या मोबाइलच्या दुकानात. मोहनशेठ खालच्या खोलीत सामायिक करत होते. अठ्ठेचाळीस मिनिटं एका आसनावर बसायचं, तोंडाला मुहपत्तीचं पांढरं फडकं, समोर वाळूचं घड्याळ. जळका वास त्यांना आला. त्यांना वाटलं, कुणीतरी कचरा पेटवलाय. वाळू निम्मी खाली गेली होती.

वरच्या मागच्या खोलीत एसी बंद होता, पण त्याचा स्टॅबिलायझर चालू राहिला होता.

रत्ना गच्चीवर कुरडया उलटत होती. तिने धूर पाहिला आणि किंचाळली, "मोहनभाऊ! वर! वर आग!"

मोहनशेठ उठले. सामायिक मोडून, मुहपत्तीसकट जिन्याकडे धावले. आणि पहिल्या पायरीवर त्यांचा पाय अडला. रत्नाने हे समोरून बघितलं. पुढे तिने ते दहा घरांत सांगितलं. किती वेळ अडला, तर पाच आकडे मोजण्याइतका. मोहनशेठ म्हणतात, अडलाच नाही. दोघांत खोटं कोण, याचा निकाल गल्लीने लावला नाही, कारण त्या दिवसानंतर रत्नाही ते हसत सांगेनाशी झाली.

मग ते चढले. वर काय कुठे आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. मेन स्विच शोधायचा होता. पहिलं दार ढकललं, ती मुस्कानची खोली निघाली. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, एकीवर एक, प्रत्येकीपुढे तारीख. पोरगी कधी किती वाढली, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. मोहनशेठ ते पहिल्यांदा बघत होते आणि बघत उभं राहायला वेळ नव्हता. दुसरं दार उघडलं, तर न्हाणीघर. नळ दिसला, बादली दिसेना. तिसऱ्या दारापाशी धूर अंगावर आला. मेन स्विच जिन्याच्याच भिंतीवर होता, ते आले त्याच दाराच्या मागे. पुनीतच्या घरी एकदा जेवायला आलेल्या परक्या माणसालासुद्धा तो दिसला असता.

गल्लीतल्या पोरांनी त्यांना उचलून खाली आणलं. बंब गल्लीत शिरेना, पाइप लांबून आणावा लागला. संध्याकाळी चेलना परत आली तेव्हा वरच्या तिन्ही खोल्यांना खिडक्या नव्हत्या, नुसती काळी भोकं होती. खाली चार खोल्या शाबूत. छताला ओल आणि काजळी, बास. मोहनशेठ ओट्यावर बसले होते, भुवया जळलेल्या, मुहपत्ती गळ्यात लोंबत. मुस्कानने विचारलं, "दादाजी, तुम्ही वर गेला होता?" त्यांनी मान हलवली. "माझी दप्तराची पेटी दिसली?" त्यांनी पुन्हा मान हलवली, या वेळी आडवी.

इंजिनियर येऊन गेला. वरचा स्लॅब तापून फाटलाय, म्हणाला, वापरायचा नाही, पाडायचा. पुनीतचं कर्ज अजून नऊ वर्षांचं बाकी होतं. आता सगळी भिस्त विम्यावर. बांधकाम मिळालं तर मुलगा, सून, नात याच घरात राहणार. नाही तर चेलनाच्या वडिलांनी जळगावच्या दुकानात पुनीतला बोलावलंच होतं. चंदनबाईंनी नवऱ्याला एवढंच सांगितलं, "पोरं राहतील की जातील, ते आता तुमच्या तोंडात आहे."

आठव्या दिवशी कंपनीचा सर्व्हेयर आला. मोईज शेख, जळगावचे. सभ्य माणूस. आधी वर जाऊन तासभर मापं घेतली, फोटो काढले, मग ओट्यावर येऊन पाणी मागितलं. अभिमन सोबत होताच. रत्ना गच्चीवर होती, खाली आणखी सात-आठ माणसं होती. पाच नंबरात खाजगी काही होत नाही.

"मोहनलालजी," मोईज म्हणाले, "फॉर्मवर चार खोल्या आहेत. क्षेत्रफळ सहाशे. मजल्याचा रकाना कोरा आहे."

"राहून गेला सर," अभिमन म्हणाला. "गडबडीत."

"खालीही सहाशेच आहे, वरही सहाशेच. वर तीन खोल्या आणि जिन्याची एक. चार होतात." मोईजनी चष्मा काढून पुसला. "मला अहवालात लिहायला मालकाचा जबाब लागतो. मी तुम्हाला एवढंच विचारतो. विमा कुठल्या चार खोल्यांचा काढला होता?"

अभिमन डोळ्यांनी वर, वर, असं खुणावत होता. पुनीत बापाकडे बघत होता, दहा वर्षांत पहिल्यांदाच सरळ. चेलनाने मुस्कानचा हात इतका घट्ट धरला की पोरगी म्हणाली, "मम्मी, दुखतंय."

व्रत एकच नसतं. ज्या वहीत चार खोल्या लिहिल्या होत्या, त्याच वहीत दोन पानं आधी 'खोटी साक्ष देणार नाही' असंही लिहिलं होतं. आजवर दोन्ही व्रतं एका घरात सुखाने नांदत होती, कारण खरं काय, हे कुणी जबाब म्हणून विचारलंच नव्हतं.

"खालच्या," मोहनशेठ म्हणाले.

"नीट आठवा. घाई नाही मला."

"शेठ!" अभिमन कळवळला. "काय सांगी राहिनात!"

"खालच्या चार," मोहनशेठ म्हणाले. "मी खालच्याच सांगितल्या होत्या."

मोईजनी सुस्कारा सोडला आणि लिहिलं. मग रीत म्हणून पुढचा प्रश्न विचारला, "आणि वरच्या कोणाच्या मालकीच्या?"

या प्रश्नाचं उत्तर मोहनशेठ दहा वर्षं झोपेतही देत आले होते. ओठ 'पुनीतच्या' म्हणायला उघडले. मग त्यांनी एकदा त्या काळ्या भोकांकडे बघितलं. मान मागे टाकून, चांगलं वरपर्यंत.

"माझ्या," ते म्हणाले. "त्याही माझ्याच. सात खोल्या माझ्याच होत्या. पहिल्या दिवसापासून."

रत्नाने गच्चीवर तोंडाला पदर लावला. खालच्या माणसांत संघाचे दोघे होते. ते एकमेकांकडे न बघता निघून गेले. एका जबाबात शेठचा विमाही गेला आणि व्रतही. अभिमनने कपाळाला हात लावला. मोईजनी जबाब वाचून दाखवला, मोहनशेठने सही केली. पेन स्वतःच मागून घेतलं. दीड वर्षापूर्वी हाच माणूस याच ओट्यावर सहीला भ्याला होता, असं सांगून कुणाला पटलं नसतं.

चेलना ओरडली नाही, रडली नाही. ती पुढे आली, पाण्याचा रिकामा पेला उचलला आणि म्हणाली, "बापूजी, हे त्या दसऱ्याला बोलायचं होतं." आणि आत गेली.

खालच्या छताच्या डागडुजीचे थोडे पैसे मंजूर झाले. वरचा मजलाच पॉलिसीत नव्हता, तर वरचं कपाट, पलंग, दप्तर कुठून येणार? जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत पुनीत, चेलना आणि मुस्कान जळगावला गेले. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर मिटवायला काहीतरी उरलं असतं. चंदनबाई त्यांना सोडायला म्हणून बसस्टँडवर गेल्या आणि त्याच बसमध्ये चढल्या. "आठ दिवसांत येते," म्हणाल्या.

स्थानकात मोहनशेठ आता मागे, खांबाजवळ बसू लागले. चातुर्मासाला आलेल्या साध्वी महासतीजींना त्यांनी सगळं सांगितलं आणि व्रतभंगाचं प्रायश्चित्त मागितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "लग्नाच्या वेळी विचारायला का नाही आलात? गुरूंजवळ कबूल केलं असतं तर तेव्हाच मार्ग निघाला असता." मग उपास नेमून दिले. मोहनशेठ ते मोजून करतात.

श्रावणापर्यंत वरचा मजला पाडून झाला आणि त्यांच्या मनाने एक घेतलं. अभिमनला बोलावून म्हणाले, "बक्षीसपत्र करायचं."

"आता कशाचं, शेठ? वर तर आभाय शे."

"सगळ्याचं. जमीन, खालच्या चार, वरचा हक्क. पुनीतच्या नावाने. तो येऊन बांधेल, नाही तर विकेल. माझ्याकडे एकही खोली नको."

अभिमनने धावपळ केली. कागद झाले, तारीख मिळाली, मंगळवारची, सकाळी अकराची. मोहनशेठने पुनीतला स्वतः फोन केला. तो "बघतो" म्हणाला. चंदनबाईंनी फोनवर विचारलं, "पोळ्या कोण करतं?" आणि उत्तराची वाट न बघता ठेवला.

मंगळवारी दहालाच मोहनशेठ रजिस्ट्रारच्या कचेरीत जाऊन बसले. साक्षीला अभिमन आणि, काय सांगावं, रत्नाचा नवरा. अकरा वाजले, बारा वाजले, दोन वाजत आले. त्यांचा नंबर पुकारला गेला. कारकुनाने कागद चाळले.

"देणारे कोण?"

"मी."

"घेणारे?"

"येतोय," मोहनशेठ म्हणाले. "जळगावहून यायचंय."

"आजोबा, बक्षीसपत्राला दोघं लागतात. घेणाऱ्याने घेतलं असं म्हणावं लागतं. नुसतं देऊन होत नाही."

अभिमनने तिथूनच पुनीतला फोन लावला. उचलला चेलनाने. अभिमनने तो मोहनशेठच्या हातात दिला.

"बापूजी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "हे आज येत नाहीयेत. आणि खरं सांगू का, पुढेही नका बोलावू. मुस्कानला इथल्या शाळेत घातलंय. ती रमलीय."

मोहनशेठने "बरं" म्हटलं. आणखी काही विचारायचं होतं बहुतेक, पण मागून कारकून म्हणाला, "पुढचा नंबर," आणि त्यांना टेबलावरून आपले कागद गोळा करावे लागले.